दोरोच्या खोऱ्यात कॅमेरा आणि पेला: पोर्ट वाइन चाखण्याची आणि टिपण्याची रीत

पोर्तुगालमधील पोर्तो शहरात पोहोचलो त्याच दुपारी आम्ही दोघांनी नदीपलीकडच्या गाया भागातील तीन वाइन-कोठारे पालथी घातली. समोर आलेला प्रत्येक पेला, टाकून दिला तर यजमानांना वाईट वाटेल या समजुतीने, मी तळापर्यंत रिकामा केला आणि सूर्यास्ताच्या वेळी पुलावर उभा राहिलो तेव्हा कॅमेऱ्यातील क्षितिज सरळ आहे की तिरपे, हेही मला धड कळत नव्हते. त्या संध्याकाळचे एकशे चाळीस फोटो हॉटेलवर येऊन पाहिले. नदी सगळीकडे डावीकडे सांडत होती. शिवाय सात पेल्यांपैकी कोणत्या वाइनची चव कशी होती, हेही आठवेना. फोटो गेले आणि चवही गेली.

पुढच्या खेपेला त्याच खोऱ्यात आठ दिवस राहिलो, तेव्हा या दोन छंदांचे भांडण मुळात वेळेचे आहे हे लक्षात आले. दोरो नदीच्या खोऱ्यात फोटोसाठी चांगल्या वेळा आणि वाइन चाखण्यासाठी चांगल्या वेळा एकमेकींच्या आड येत नाहीत. उलट त्या एकमेकींत चपखल बसतात. उन्हाची तिरीप जाऊन प्रकाश रखरखीत होतो, तेव्हा अंधाऱ्या कोठारात जावे आणि ऊन कलू लागले की पेला खाली ठेवून बाहेर पडावे. पुढील सर्व सूचना या एका वेळापत्रकाभोवती रचलेल्या आहेत.

आधी थोडे खोऱ्याविषयी

दोरो नदी स्पेनमधून येते, पोर्तुगालचा उत्तर भाग ओलांडते आणि पोर्तोजवळ अटलांटिक महासागराला मिळते. समुद्रापासून बरेच आत, डोंगरांच्या आडोशाला, या नदीच्या दोन्ही काठांवर पायऱ्यापायऱ्यांच्या द्राक्षबागा आहेत. १७५६ मध्ये, पुढे मार्किस द पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या पोर्तुगीज मंत्र्यांच्या पुढाकाराने या प्रदेशाची हद्द आखण्यात आली आणि ती दाखवण्यासाठी ग्रॅनाइटचे खांब रोवण्यात आले. सरकारी नियमांनी हद्द बांधलेल्या जगातील सर्वांत जुन्या वाइन-प्रदेशांत त्याची गणना होते. २००१ मध्ये युनेस्कोने आल्तो दोरो या भागाला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. पोर्तोच्या जुन्या शहराला ती १९९६ मध्येच मिळाली होती.

येथील जमीन म्हणजे शिस्ट नावाचा पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक आहे. तो उभा चिरलेला असल्याने द्राक्षवेलींची मुळे फटींतून खोलवर पाण्याच्या शोधात जातात आणि दिवसभर तापलेला दगड रात्री वेलीला ऊब देत राहतो. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. 'नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक' असे तेथील लोकच आपल्या हवेविषयी म्हणतात. हा खडक फोटोग्राफरनेही ओळखून ठेवावा, कारण जवळून काढलेल्या शिस्टच्या भिंतीचा फोटो आणि त्याच बागेतील वाइनचा फोटो शेजारी ठेवले की पाहणाऱ्याला चवीचे कारण दिसते.

पोर्ट वाइन म्हणजे द्राक्षरस आंबू लागल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत, निम्मी साखर शिल्लक असतानाच, त्यात सुमारे ७७ टक्के अल्कोहोल असलेले द्राक्षाचे मद्यार्क घालून आंबण्याची क्रिया थांबवलेली वाइन. त्यामुळे ती गोड राहते आणि तिच्यातील अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांपर्यंत जाते. गोव्यात 'पोर्ट वाइन' म्हणून जी स्वस्त गोड वाइन मिळते तिचा या खोऱ्याशी संबंध नाव आणि गोडवा एवढाच आहे. ती पिऊन मत बनवलेल्यांनी ते विमानतळावरच सोडून यावे. एक गंमत मात्र सांगण्याजोगी आहे. पोर्ट ज्या लाकडी पिंपात मुरते त्याला पोर्तुगीज भाषेत 'पिपा' म्हणतात. आपल्याकडे न्हाणीघराशेजारी पाण्याने भरून ठेवलेले असते ते पिंप याच शब्दावरून आले. दोरोमधील पिपा साधारण ५५० लिटरचा असतो.

पायरी पहिली: महिना ठरवणे

नाशिककडच्या वाचकाच्या डोक्यात काढणी म्हणजे जानेवारी ते मार्च असे पक्के बसलेले असते. दोरोत ती सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते आणि प्रत्येक वर्षीच्या हवेनुसार आठवडा-दोन आठवडे मागेपुढे सरकते. सप्टेंबरचा शेवट मला सर्वांत भावतो, कारण तेव्हा बागांत माणसे असतात, लागार नावाच्या दगडी हौदांत द्राक्षे तुडवली जात असतात, सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही साडेसातच्या आसपास होतात, आणि त्यामुळे पहाटे चारला उठण्याची शिक्षा भोगावी लागत नाही. जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो. जेवण आणि सोनेरी प्रकाश यांपैकी एकावर पाणी सोडावे लागते.

काढणीच्या दिवसांत लहान बागायतदार पाहुण्यांसाठी मोकळे नसतात, म्हणून टेस्टिंगची वेळ दोन महिने आधी ईमेलने पक्की करावी. अशा बागेला तेथे 'किंता' म्हणतात. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: फोटो काढण्यास परवानगी आहे का, लागारमधील काम पाहता येईल का, आणि टेस्टिंग अकरा वाजता ठेवता येईल का. अकराचा आग्रह का, ते पुढे येईल. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गेलात तर काम संपलेले असते, पण वेलींची पाने पिवळी-तांबडी होतात आणि सकाळी नदीवर धुके उतरते. ज्याला माणसांपेक्षा निसर्गाचे फोटो प्रिय आहेत त्याने तेव्हा जावे.

पायरी दुसरी: बॅग

पायऱ्यांची शेती टिपायची म्हणून लोक वाइड लेन्स घेऊन जातात आणि निराश होतात. वाइड लेन्स उतार सपाट करते. प्रत्यक्षात अंगावर येणारा डोंगर फोटोत टेकडीएवढा दिसतो. दोरोतील काम मुख्यतः ७०-२०० मिलिमीटरच्या झूम लेन्सचे आहे. समोरच्या काठावरील पायऱ्यांच्या रेषा ती एकावर एक दाबून आणते आणि बोटांच्या ठशासारखी नक्षी उमटते. दुसरी लेन्स ३५ किंवा ५० मिलिमीटरची, एफ १.८ची, कोठारातील अंधारासाठी असावी. मोबाइलवरच सारे फोटो काढणाऱ्याने निदान टेलिफोटो कॅमेरा असलेला मोबाइल न्यावा, आणि बोटांनी ओढून केलेला डिजिटल झूम टाळावा.

याखेरीज चकाकी घालवणारा एक पोलरायझर फिल्टर, दोन मेमरी कार्डे, दोन जादा बॅटऱ्या, मऊ कापड आणि कोऱ्या पांढऱ्या जाड कागदाचे चार तुकडे. लिथियमच्या जादा बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात, चेक-इन बॅगेत चालत नाहीत. कागदाचे तुकडे हास्यास्पद वाटतील, पण या प्रवासात मला त्यांच्याइतके उपयोगी काहीही पडले नाही.

पायरी तिसरी: पोर्तो आणि गाया, एक पूर्ण दिवस

पोर्तो नदीच्या उत्तर काठावर आहे आणि वाइन-कोठारे दक्षिण काठावरील गायामध्ये आहेत. व्यापाऱ्यांनी गाया निवडण्यामागील एक कारण असे की तेथील उतार उत्तरेकडे तोंड करून आहे. त्यामुळे तेथे ऊन कमी लागते, समुद्राकडून दमट हवा येते आणि वाइन सावकाश मुरते. हेच कारण फोटोग्राफरच्याही कामी येते. आपण गायाच्या घाटावर उभे राहून उत्तरेकडे पाहतो, तेव्हा सूर्य पाठीशी किंवा बाजूला असतो आणि पलीकडची रिबेइरा वस्ती, तिची रंगीत उंच घरे आणि वाळत घातलेले कपडे दिवसातील बहुतेक वेळ प्रकाशात असतात. पोर्तोच्या बाजूने गायाचे फोटो काढायला जाल तर दिवसभर उजेड डोळ्यांत येईल. हे एवढे ध्यानात ठेवले तरी अर्धे फोटो सुधारतात.

घाटाला नांगरलेल्या लांबोळक्या, सपाट तळाच्या होड्यांना राबेलो म्हणतात. पूर्वी खोऱ्यातून वाइनची पिंपे याच होड्यांतून खळाळत्या पाण्यावरून खाली येत. रेल्वे आली, पुढे नदीवर धरणे झाली आणि ते काम संपले. आता त्या शोभेला उभ्या असतात. त्यांचा फोटो काढताना गुडघ्यावर बसावे आणि होडीचे टोक जवळ घेऊन मागे दों लुईस पूल येऊ द्यावा. दोन मजल्यांचा हा लोखंडी पूल १८८६ मध्ये वाहतुकीला खुला झाला. तो गुस्ताव आयफेल यांचे पूर्वीचे भागीदार तेओफील सेरिग यांनी रचला. वरच्या मजल्यावरून मेट्रो आणि पादचारी दोन्ही जातात. सूर्यास्ताला तेथे पश्चिमेकडे तोंड करून उभे राहावे, पण मेट्रो आली की सारा पूल थरथरतो, तेव्हा लांब एक्सपोजर देताना, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवताना, गाडी पुढे जाईपर्यंत थांबावे. गर्दी नको असेल तर गायाच्या टोकावरील सेरा दो पिलार मठाच्या अंगणातून तोच देखावा अधिक उंचावरून मिळतो.

त्या दिवशी कोठार एकच करावे. सकाळी लवकर रिबेइराचे फोटो, अकरा ते एक कोठार, जेवण, थोडी झोप, आणि पाचनंतर पूल असा क्रम ठेवावा.

पायरी चौथी: चाखणे

वाइन व्यवसायातील लोक चाखण्याचे काम बहुधा सकाळी, जेवणाआधी करतात, कारण तेव्हा जीभ स्वच्छ आणि माणूस सावध असतो. अकराचा आग्रह यासाठीच. त्या सकाळी दात घासल्यावर लगेच चाखू नये, अत्तर लावू नये आणि कडक कॉफी निदान तासभर आधी संपवावी. पोटात मात्र पाव आणि चीज असावे.

आधी हिशेब मांडू. सहा पेले, प्रत्येकात ५० मिलिलिटर, म्हणजे ३०० मिलिलिटर पोर्ट. २० टक्क्यांच्या हिशेबाने तिच्यात ६० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल आहे. आपल्याकडील ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीत एवढे अल्कोहोल सुमारे १४० मिलिलिटरमध्ये असते. म्हणजे तीसचे जवळजवळ पाच पेग, आणि तेही दुपारी बाराला. गोडव्यामुळे ते जाणवत नाही, एवढाच फरक. म्हणून टेबलावरील थुंकण्याचे भांडे लाज न बाळगता जवळ ओढून घ्यावे. थुंकणे हा तेथे अपमान समजला जात नाही. उलट तुम्ही चाखायला आला आहात, प्यायला नाही, हे यजमानाला त्यातून कळते आणि पुष्कळदा तो आतून आणखी एक बाटली काढतो. माझ्या बाबतीत हे दोनदा घडले.

पेल्यांचा क्रम हलक्याकडून जडाकडे आणि तरुणाकडून जुन्याकडे असावा: पांढरी पोर्ट, मग रुबी, मग एलबीव्ही (म्हणजे 'लेट बॉटल्ड व्हिंटेज', उशिरा बाटलीत भरलेली), मग व्हिंटेज, आणि शेवटी टॉनी. हे प्रकार समजून घेतले नाहीत तर सगळेच गोड लागते. रुबी मोठ्या टाक्यांत थोडा काळ राहते आणि फळांचा ताजेपणा जपते. व्हिंटेज एकाच उत्तम वर्षाच्या द्राक्षांची असते, दोन-तीन वर्षांत बाटलीत भरली जाते आणि पुढे कित्येक दशके बाटलीतच मुरते. २०११, २०१६ आणि २०१७ ही अलीकडील अशी वर्षे, जी बहुतेक मोठ्या उत्पादकांनी व्हिंटेज म्हणून जाहीर केली. एलबीव्हीसुद्धा एकाच वर्षाची असते, पण चार ते सहा वर्षे लाकडात किंवा टाकीत राहून मग बाटलीत जाते आणि लगेच पिण्याजोगी असते. टॉनीचा प्रवास याच्या उलट आहे: ती लहान पिंपांत वर्षानुवर्षे राहते, लाकडाच्या छिद्रांतून तिला हवा लागते, लाल रंग उतरत जातो आणि फळांची जागा अक्रोड, अंजीर, खजूर आणि जळक्या साखरेचा वास घेतो. बाटलीवरील १०, २०, ३०, ४० वर्षे हे आकडे एका पिंपाचे वय सांगत नाहीत; निरनिराळ्या वर्षांच्या वाइन मिसळून त्या वयाची ढब साधलेली असते. एकाच वर्षाची टॉनी हवी असेल तर बाटलीवर 'कोल्हेता' हा शब्द शोधावा. ती निदान सात वर्षे पिंपात राहिलेली असते.

आता कागदाच्या तुकड्यांकडे वळू. पहिला पेला आला की कागद टेबलावर ठेवून पेला त्यावर तिरपा धरावा. कोठारातील पिवळ्या दिव्याखाली सगळ्याच वाइन विटकरी दिसतात, पण कागदावर पडलेली कड खरे बोलते. दहा वर्षांच्या टॉनीची कड तांबूस असते, विसाची गाभुळलेल्या चिंचेच्या सालीसारखी, आणि चाळीसच्या कडेला अगदी पातळ अशी हिरवट छटा येते. प्रथम ती दिसली तेव्हा मी दिव्याला दोष दिला. यजमान बाईंनी न बोलता माझा कागद उचलला, पेला घेऊन दारापाशी गेल्या आणि उन्हात धरला; हिरवट कड तशीच होती. तोच कागद कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा अशी जुळवणी, ठरवण्यासाठीही वापरता येतो: आधी कागदाचा एक फोटो, त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स, आणि मग पेल्याचा फोटो. शेवटी त्याच कागदावर टिपण लिहावे, म्हणजे रंगाचा डाग आणि शब्द एकत्र राहतात.

वास घेताना पेला आधी न हलवता एकदा हुंगावा, मग गोल फिरवून पुन्हा. पोर्टमधील अल्कोहोल नाकाला झोंबते, म्हणून नाक पेल्यात खोल खुपसू नये, काठापाशी धरावे. लहान घोट घ्यावा, तो जिभेवर सर्वत्र फिरवावा, थोडी हवा आत ओढावी, मग थुंकावा आणि मनात आकडे मोजावेत. चव किती वेळ टिकते हे वाइनच्या दर्जाचे चांगले लक्षण आहे. साधी रुबी दहापर्यंत विरते, जुनी टॉनी पुढच्या पेल्यापर्यंत तोंडात रेंगाळते. टिपणात 'छान', 'मस्त' असे शब्द लिहू नयेत. पुस्तकातील ब्लॅकबेरी आणि सीडार आठवत बसण्यापेक्षा आपल्या घरचे वास लिहावेत: जांभूळ, काळी मनुका, सुपारीचा तुरटपणा, दिवाळीत अनारशांवर लाल होणारी खसखस, तुपात परतलेला खजूर. महिन्यानंतर वाचताना तेच शब्द चव परत आणतात.

फोटोंचा क्रमही ठरवून टाकावा: प्रत्येक वाइनसाठी आधी लेबल, मग कागदावरील पेला, मग त्या जागेतील एखादी वस्तू. हे तीन फोटो त्याच क्रमाने काढले की घरी कोणता पेला कोणाचा हा प्रश्न पडत नाही. पेल्याचा फोटो काढताना उजेड मागून किंवा बाजूने यावा. फ्लॅश वापरू नये. तो काचेवर पांढरा ठिपका ठेवतो आणि वाइन काळी करतो.

पायरी पाचवी: रेल्वेने खोऱ्यात

खोरे पाहण्यासाठी गाडी चालवत जाऊ नये, निदान टेस्टिंगच्या दिवशी तरी नाही. पोर्तुगालमध्ये रक्तातील अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम आहे, रस्ते नागमोडी आहेत आणि रेल्वे त्यांहून देखणी आहे. पोर्तोच्या साव बेंतो स्थानकाच्या दालनातील भिंतींवर झोर्झे कोलासो यांनी रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या सुमारे वीस हजार फरश्या आहेत. गाडीच्या आधी अर्धा तास पोहोचून त्या पाहाव्यात. पिन्यांव गावापर्यंत सुमारे अडीच तास लागतात. जाताना उजव्या हाताची खिडकी धरावी. पहिला तासभर नदी दिसत नाही आणि शेजारचे प्रवासी डुलक्या घेत असतात. मग एका वळणावर रूळ पाण्याला येऊन भिडतात आणि सगळा डबा एकदम उजवीकडे सरकतो. काचेतून फोटो काढायचा तर लेन्स काचेला जवळजवळ टेकवावी, अंगात गडद रंगाचा शर्ट असावा म्हणजे प्रतिबिंब पडत नाही, आणि शटर सेकंदाच्या एक हजारांशाहून सावकाश ठेवू नये.

पिन्यांव हे इवलेसे गाव आहे. त्याच्या स्थानकाच्या भिंतींवर काढणीची आणि खोऱ्याची दृश्ये असलेल्या फरश्यांची चित्रे आहेत. गाडी निघून गेल्यावर, गर्दी पांगली की ती निवांत टिपता येतात. फरशीवरील चमक पोलरायझर फिरवून घालवावी. गावाच्या वर डोंगरावर कासाल द लोइवोस येथे सज्जा आहे. तेथून नदीचे वळण आणि चारी बाजूंच्या पायऱ्या एकाच नजरेत येतात. तेथे सकाळी टॅक्सीने जावे आणि ऊन फार चढण्याआधी उतरावे.

पायऱ्यांचे फोटो काढताना त्यांतील फरक पाहायला शिकावे. दगडी बांध घातलेल्या जुन्या अरुंद पायऱ्यांवर वेलींच्या एक-दोन रांगा मावतात. अलीकडच्या पायऱ्यांना दगडी भिंत नसते, मातीचाच उतार असतो, आणि काही ठिकाणी वेली थेट चढाच्या दिशेने उभ्या रांगांत लावलेल्या असतात. मध्येच ऑलिव्हच्या झाडांखाली किंवा झुडपांत हरवलेले पडके बांध दिसतात. १८६०च्या दशकापासून फिलोक्सेरा या किडीने वेलींची मुळे खाऊन बागा उद्ध्वस्त केल्या, त्यांपैकी काही पुन्हा कधी लावल्याच गेल्या नाहीत; त्या ओसाड पायऱ्यांना तेथे 'मोर्तोरियो' म्हणतात. एकाच फोटोत जिवंत आणि मेलेली पायरी शेजारी पकडता आली तर त्या खोऱ्याचा इतिहास वेगळा सांगावा लागत नाही.

सकाळी डोंगराच्या एका अंगावर ऊन आणि दुसऱ्यावर काळोख असतो, तेव्हा कॅमेरा गोंधळतो. एक्सपोजर उन्हातील पायऱ्यांवरून ठरवावे, साधारण दोन-तृतीयांश स्टॉप (उजेडाचे माप) कमी ठेवावे आणि फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न आटवलेल्या मूळ स्वरूपात काढावेत. सावलीतील तपशील मागाहून वर आणता येतो, पांढरा पडलेला उजेड मात्र परत आणता येत नाही.

लागारमधील संध्याकाळ

ग्रॅनाइटच्या रुंद, गुडघाभर खोल हौदाला लागार म्हणतात. काही किंतांमध्ये उत्तम वाइनसाठी आजही त्यात द्राक्षे पायांनी तुडवतात, कारण पायाने साल फाटते पण बी फुटत नाही आणि कडवटपणा उतरत नाही. सुरुवातीला माणसे एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून रांगेत अतिशय सावकाश पावले टाकतात. त्या वेळी कोणी बोलत नाही. फक्त ताल देणाऱ्याचा आवाज आणि चिखलातून पाय उपसल्यासारखा आवाज येतो. बऱ्याच वेळाने रांग मोडते, संगीत लागते आणि ज्याला जसे वाटेल तसा तो नाचतो. बहुतेक पाहुणे नाचाचेच फोटो काढतात. माझ्या मते खरा फोटो आधीच्या शिस्तीत आहे: जांभळ्या झालेल्या मांड्यांची ओळ, हौदाच्या काठावर ठेवलेली चष्म्यांची आणि घड्याळांची रांग.

येथे एफ १.८ची लेन्स, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० आणि शटर सेकंदाच्या एकशेपंचविसांश ठेवून काम भागते. बाहेरच्या गारव्यातून आत आल्यावर लेन्सवर बाष्प धरते, म्हणून कॅमेरा दहा मिनिटे बॅगेतच राहू द्यावा. आंबणाऱ्या रसातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो खाली साचतो; बंद खोलीत खोल टाकीवर वाकून फोटो काढण्याचा मोह टाळावा, हा इशारा गांभीर्याने घ्यावा.

हौदात उतरलेल्या माणसांचे अंग अर्धे उघडे असते आणि ती कामावर आलेली असतात, हे विसरू नये. 'पोसु तिरार उमा फोतु?' एवढे पोर्तुगीज वाक्य पाठ असावे, आणि उत्तर कोणतेही आले तरी पुरुषाने 'ओब्रिगादु', स्त्रीने 'ओब्रिगादा' म्हणावे. ड्रोन न्यायचा असेल तर कॅमेरा असलेल्या ड्रोनसाठी युरोपीय संघात चालकाची नोंदणी लागते. लहान आहे म्हणून सूट मिळत नाही. मी नेला नाही. शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना: काल्दो वेर्दे हे हिरव्या भाजीचे सूप निरुपद्रवी दिसते, पण त्यात सॉसेजचे काप असतात, म्हणून 'सें कार्न' म्हणजे मांसाविना असे आधीच सांगावे. ऑलिव्ह, बदाम, मेंढीच्या दुधाचे चीज आणि पाव यांवर खोऱ्यात दिवस सहज निघतो. पाव हा शब्द तर दोन्हीकडचा एकच.

परतीचे सामान

फोटो रोज रात्री दुसऱ्या कार्डावर किंवा हार्ड डिस्कवर उतरवावेत आणि दिवसाच्या कागदांचेही फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवावेत. बाटल्या शेवटच्या दिवशी घ्याव्यात. बाटलीच्या मानेवर दोरो आणि पोर्तोच्या नियामक संस्थेची क्रमांक असलेली पट्टी असते, ती पाहावी. भारतात परतणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि वर एखादी लहान बाटली. वाटेत विमान बदलावे लागते आणि हातातील द्रवपदार्थांची तपासणी पुन्हा होते, म्हणून बाटल्या चेक-इन बॅगेत, जाड पायमोज्यांत घालून, कपड्यांच्या मधोमध ठेवाव्यात.

दोनच आणायच्या असतील तर दोन्ही टॉनी घ्याव्यात असे मी सुचवेन. व्हिंटेज उघडण्याआधी गाळ खाली बसावा म्हणून एक दिवस उभी ठेवावी लागते, गाळून ओतावी लागते आणि उघडल्यावर एक-दोन दिवसांत संपवावी लागते. घरात पिणारी दोनच माणसे असली तर ते जड जाते. टॉनीला गाळ नसतो, तिचे बूच हाताने निघते आणि पुन्हा बसते, आणि उघडलेली बाटली फ्रिजमध्ये काही आठवडे चांगली राहते. ती थोडी गार, बारा ते चौदा अंशांवर, लहान पेल्यात द्यावी. आमच्या फ्रिजच्या दारात वीस वर्षांची एक बाटली सध्या सॉसच्या शेजारी उभी आहे. तिच्या मानेला रबरबँडने बांधलेल्या कागदावर तपकिरी डाग आहे आणि खाली लिहिले आहे: 'चिंचेची साल, भाजलेला खजूर, पिन्यांव, सकाळचे साडेअकरा.'